अतिसंवाहक पापुद्रे आणि विजेचा भार
(नभोवाणीवरील भाषण)



भुसावळजवळ दीपनगरच्या केंद्रांत निर्माण होणारी वीज तारांवाटे दूरदूर जाते. वाटेंत तिचा कांहीं भाग त्या तारा तापविण्यांतच खर्ची पडतो. तार तांब्याची असो वा अॅल्युमिनियमची असो, विजेच्या वाटेंत ती थोडी तरी आडकाठी करतेच. या आडकाठीला शास्त्रांत ‘रोध’ म्हणतात. ज्याच्या अंगीं हा रोध मुळींच नाहीं असा पदार्थ मिळाला, तर किती बरें होईल, असें कोणासही वाटेल. असे पदार्थ सृष्टींत आहेत. त्यांस ‘अतिसंवाहक’ असें नांव आहे. त्यांच्याविषयीं वर्तमानपत्रांत वाचलें म्हणजे आपली सहज समजूत होते ती अशी कीं, ज्याला रोध नाहीं त्यांतून वाटेल तितकी वीज न्यावी, त्याचें कांहींच बिघडावयाचें नाहीं. ही समजूत बरोबर नाहीं. अतिसंवाहकालाही भाराची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली असतां तो तांब्याच्या तारेपेक्षां अधिक घातक रीतीनें वागतो. हें कसें घडतें, तें त्या पदार्थांच्या अत्यंत पातळ पापुद्र्यांच्या उदाहरणावरून आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. हॉलंडांतील लायडेन शहरीं हाइके कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं हेलियम वायूचा द्रव करून दाखविला. त्या द्रवाच्या साहाय्यानें १९११ सालीं ते पाऱ्याचा रोध मोजीत असतां शून्याखालीं सुमारें २६९ अंशांवर तो रोध एकाएकीं नाहींसा झाला. ओनेस यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां अशा तारेचीं वेटोळीं करून प्रचंड शक्तीचे चुंबक बांधूं, असें त्यांनीं मनांत आणलें होतें. परंतु शिशाच्या तारेंतून ठराविक मर्यादेहून अधिक प्रवाह सोडतांच तिची अतिसंवाहकता लोपली आणि ती साध्या तारेप्रमाणें तापूं लागली. विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं त्याच्याभोवतीं चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत होकायंत्राच्या सुईवरून पाहिलेंच असेल. हें स्वतःचेंच क्षेत्र फार प्रबळ झालें म्हणजे तें अतिसंवाहकतेचा नाश करतें, असा उलगडा अमेरिकेंतील सिल्सबी यांनीं १९१६ सालीं केला.

तात्पर्य, अतिसंवाहकता ही तिवईसारखी आहे. तिचे तीन पाय म्हणजे तापमान, चुंबकक्षेत्र व प्रवाह. तिन्ही आपापल्या मर्यादेंत असतील तोंवर ती उभी राहते; तिहींपैकीं एकही मर्यादेबाहेर गेला कीं ती कोसळते. लोकांचें लक्ष बहुधा पहिल्या पायाकडे, म्हणजे तापमानाकडे असतें. आपण आज तिसऱ्याकडे पाहणार आहों.

तापमानाची अडचण १९८६ सालानंतर बरीच हलकी झाली. त्या वर्षीं झुरिकजवळ बेडनोर्ट्स व म्यूलर यांनीं तांबें व प्राणवायु असलेल्या एका मातीसारख्या ठिसूळ पदार्थांत अतिसंवाहकता शोधून काढली. पुढच्याच वर्षीं इट्रियम, बेरियम, तांबें व प्राणवायु यांचा एक संयोग सांपडला. तो शून्याखालीं सुमारें १८० अंशांवरच रोध टाकून देतो. द्रवरूप नत्रवायूचें तापमान शून्याखालीं १९६ अंश असतें. तेव्हां त्यांत हा पदार्थ बुडविला कीं पुरे. द्रव नत्रवायु आपल्याकडे अगदींच अनोळखी नाहीं. पशुवैद्यकीय दवाखान्यांत वळूंचें गोठविलेलें रेत ज्या भांड्यांत जपून ठेवतात, त्यांत तोच असतो. जळगांवास वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां त्या भांड्याच्या आंतबाहेर सुमारें २४० अंशांचें अंतर असतें.

परंतु या नव्या पदार्थाच्या भाजून केलेल्या वड्या प्रवाहाच्या परीक्षेंत उतरल्या नाहींत. वडीमध्यें असंख्य लहान कण असतात व त्यांचीं तोंडें दाही दिशांना असतात. आपल्या पांझरा नदीवरील फड पद्धति धुळें जिल्ह्यांतील श्रोत्यांस ठाऊक आहे. पाटाचें तोंड पुढच्या पाटाच्या तोंडाशीं जुळलें असेल तर पाणी सरळ पुढें जातें. न जुळलें तर तें तेथेंच तुंबतें. वडींतील कणांच्या सांध्यांवर विजेची अशीच गत होते. यावर उपाय निघाला तो पापुद्र्याचा. एका निर्दोष स्फटिकाच्या चकतीवर त्या पदार्थाचा थर असा चढवावयाचा कीं, खालच्या स्फटिकाच्या रचनेबरहुकूम वरच्या थरांतील सर्व कण एकाच दिशेस तोंड करून बसतील. शास्त्रीय ग्रंथांत यास ‘पातळ पटल’ म्हणतात. प्रवीण चौधरी या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील आय. बी. एम्. कंपनींत सहकाऱ्यांसह १९८७ सालीं असा पापुद्रा तपासला. द्रव नत्राच्या तापमानास तो दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअरहून अधिक प्रवाह निमूटपणें वाहून नेतो, असें त्यांस आढळलें. त्याच वर्षीं टी. व्यंकटेशन् व त्यांचे सहकारी यांनीं लेसर किरणांचा झोत मारून पदार्थाची वाफ करावी व ती तापलेल्या चकतीवर बसूं द्यावी, ही रीत या कामीं यशस्वी करून दाखविली. आतां चांगल्या पापुद्र्यांत दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअर व त्याहूनही अधिक प्रवाह जाऊं शकतो.

या कामीं आपल्या महाराष्ट्राचाही हातभार आहे. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिची स्थापना होमी भाभा यांनीं १९४५ सालीं केली. त्या संस्थेंतील व पवई येथील आय. आय. टी. मधील संशोधकांनीं मिळून १९९३ सालीं असें दाखविलें कीं, मूळ पदार्थांत थोडी चांदी मिसळून लेसरनें पापुद्रा चढविला, तर कणांची मांडणी अधिक नेटकी होते व पापुद्र्याची भार सोसण्याची शक्ति पुष्कळ वाढते.

दहा लाख अँपिअर हा आंकडा ऐकून मनास नीटसा बोध होत नाहीं. म्हणून एक लहानसें गणित करूं. एका मिलिमीटरचे पांच हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाइतकी जाडी असलेला पापुद्रा घ्या. त्याची एक मिलिमीटर रुंद व एक सेंटिमीटर लांब अशी पट्टी कापली आहे असें समजा. म्हणजे नखाच्या कडेचा एक तुकडाच म्हणा ना. वरील हिशेबानें या पट्टींतून दोन अँपिअर प्रवाह जाईल आणि ती यत्किंचितही तापणार नाहीं. तेवढ्याच छेदाच्या तांब्याच्या तारेंत, घरच्या तारांना लावतों तो नियम लावला, तर एका अँपिअरचा हजारावा भाग सोडणेंच सुरक्षित ठरेल. म्हणजे आपला पापुद्रा तांब्याच्या दोन हजारपट भार वाहतो. हा झाला त्याचा मोठेपणा.

आतां दोन अँपिअरांऐवजीं सवादोन, अडीच असा प्रवाह वाढवीत नेला तर काय होतें तें पाहूं. यासाठीं पापुद्र्याच्या आंत डोकावलें पाहिजे. रशियन शास्त्रज्ञ अब्रिकोसॉव्ह यांनीं १९५७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, या जातीच्या अतिसंवाहकांत चुंबकक्षेत्र शिरतें तें सरसकट शिरत नाहीं. सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपानें शिरतें. तापी पुराला आली म्हणजे पाण्यावर जागोजाग भोवरे दिसतात, तसेच हे विजेचे भोवरे होत. मात्र नदींतील भोवरे लहानमोठे असतात. येथें प्रत्येक भोवऱ्यांत चुंबकत्वाचें माप अगदीं सारखें, निसर्गानें ठरवून दिलेलें असतें. या कार्याबद्दल अब्रिकोसॉव्ह यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. भोवरे एका जागीं स्थिर असतील तोंवर वीज विनासायास वाहते. परंतु प्रवाह त्यांस सतत आडवा रेटीत असतो. भोवरे सरकूं लागले कीं पट्टीच्या दोन टोकांमध्यें विद्युत्-दाब उत्पन्न होतो, शक्ति खर्च होऊं लागते आणि तीच उष्णता होय.

म्हणून भोवरे जागच्या जागीं खिळवून ठेवणें, हें पापुद्रे करणाऱ्यांचें मुख्य कौशल्य. त्यासाठीं ते पदार्थांत जाणूनबुजून बारीक दोष ठेवतात. भोवरा अशा दोषाच्या जागीं अडकून पडतो. गोठ्यांत बैल खुंट्याला बांधतों, तसाच हा प्रकार. खुंटे बळकट असतील तर बैलांनीं कितीही हिसके दिले तरी ते जागेवर राहतात. हिसका वाढत गेला म्हणजे एखादा खुंटा ढिला होतो, मग दुसरा, आणि शेवटीं सगळी खिल्लारेंच उधळतात. कुलाब्याच्या त्याच टाटा संस्थेंत मोलिब्डेनम व जर्मेनियम यांच्या पापुद्र्यांतील भोवरे एका विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकानें प्रत्यक्ष पाहण्यांत आले आहेत. चुंबकक्षेत्र वाढवीत नेलें असतां भोवऱ्यांची सुव्यवस्थित मांडणी एकदम न मोडतां मधल्या एका अर्धवट वितळलेल्या अवस्थेंतून जाते, असें तेथील संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलें.

ही उधळण किती त्वरेनें होते याचा हिशेब पहा. तांब्याच्या तारेंत प्रवाह एकदशांशानें वाढविला, तर दाबही एकदशांशानेंच वाढतो. अतिसंवाहक पापुद्र्यांत मर्यादेच्या आसपास दाब हा प्रवाहाच्या विसाव्या, कित्येकदां त्याहूनही मोठ्या घाताप्रमाणें वाढतो. म्हणजे प्रवाह एकदशांशानें वाढला कीं दाब पावणेसातपट होतो. ही चढण इतकी उभी आहे कीं, मर्यादा नेमकी कोठें मानावी याचाही संकेत ठरवावा लागला. पट्टीच्या दर सेंटिमीटरमागें एका व्होल्टाचा दहालाखावा भाग इतका दाब दिसूं लागला, कीं ती मर्यादा आली असें सामान्यतः धरतात.

खरा धोका यापुढें आहे. पापुद्र्यांत एखादी जागा इतरांहून किंचित् दुबळी असतेच. कोठें सूक्ष्म भेग असते, कोठें जाडी कमी असते, कोठें आंतल्या कोपऱ्याशीं प्रवाहाची दाटी होते. म्हणूनच पट्टीचे आंतले कोपरे काटकोनी न ठेवतां गोलाकार ठेवतात. त्या दुबळ्या जागीं प्रथम उष्णता निर्माण होते. उष्णतेनें त्या जागेची भार सोसण्याची शक्ति घटते. शक्ति घटली कीं आणखी उष्णता होते. असें हें चक्र सुरू होऊन तेथें एक ‘तप्त बिंदु’ बनतो व तो पसरत जातो. आपल्या त्या नखाएवढ्या पट्टीचें गणित पुन्हां घ्या. तिची अतिसंवाहकता सर्वस्वीं गेली, तर तिचा रोध सुमारें पन्नास ओहम होईल. दोन अँपिअर प्रवाह तसाच जोरानें चालूं ठेवला, तर दोनशें वॅट उष्णता एका चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागांत निर्माण होईल. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन हजार वॅट. आपल्या घरची विजेची इस्त्री दर चौरस सेंटिमीटरला पांचसहा वॅटहून अधिक देत नाहीं. भोंवतीं द्रव नत्रवायु आहे खरा, पण तोही येथें कामास येत नाहीं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला कीं तो वाफेच्या गादीवर थरथरत फिरतो, तव्याला टेंकत नाहीं. तसेंच तप्त पापुद्र्यावर नत्रवायूच्या वाफेचें कवच बनतें व थंडावा आंत पोंचतच नाहीं. डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत पट्टी जळून तुटते.

आणखी एक विशेष. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यामुळें पट्टी एकदां तापली, कीं प्रवाह पुन्हां मर्यादेइतका खालीं आणून भागत नाहीं. तप्त बिंदु स्वतःच्या उष्णतेवर जिवंत राहतो. प्रवाह मूळ मर्यादेच्या पुष्कळच खालीं आणावा, तेव्हां कोठें पट्टी निवते व पूर्वस्थितीला येते. मोडलेली शिस्त पुन्हां बसवावयास ती राखण्यापेक्षां अधिक श्रम पडतात, हा अनुभव वर्गांत शिकविणाऱ्यास नवा नाहीं.

ही कांहीं केवळ प्रयोगशाळेंतली काळजी नव्हे. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेचें जमिनीखालचें प्रचंड यंत्र आहे. त्यांतील चुंबक पापुद्र्यांचे नसून नायोबियम व टायटेनियम यांच्या अतिसंवाहक तारांचे आहेत; पण नियम तोच. १९ सप्टेंबर २००८ ची ही गोष्ट आहे. त्या दिवशीं चुंबकांतील प्रवाह सुमारें नऊ हजार अँपिअरपर्यंत वाढविला असतां दोन चुंबकांमधील एक सदोष सांधा तापला, ठिणगीची कमान पेटली आणि कित्येक टन हेलियम बाहेर पडून पुष्कळ चुंबक निकामी झाले. दुरुस्ती होऊन यंत्र पुन्हां सुरू होण्यास नोव्हेंबर २००९ उजाडला. एका सांध्याचा तो दोष! त्या यंत्रांत एखादा चुंबक बिघडूं लागला, तर उष्णता एका बिंदूंत न सांठतां सगळ्या वेटोळ्यांत पसरावी म्हणून मुद्दाम तापक बसविलेले आहेत. त्यांना वीज पुरविणारीं उपकरणें भारतानें दिलीं होतीं, आणि भारताच्या या सहकार्यांत सातपुड्यापलीकडील इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा मोठा वांटा होता.

पापुद्र्यांचें रक्षणही याच तत्त्वावर करतात. हल्लीं धातूच्या लांबच लांब फितीवर अतिसंवाहकाचा एकदोन सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर चढवितात व त्यावर चांदी आणि तांबें यांचें आवरण देतात. अतिसंवाहक थकला, तर प्रवाहाला क्षणभर तांब्याची पळवाट मिळते व तेवढ्या अवकाशांत वीज तोडतां येते. ज्या तांब्याला हटविण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तेंच तांबें शेवटीं पाठराखणीस लागतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां या दुर्गुणाचाच माणसानें सद्गुण कसा केला तें ऐका. उन्हाळ्यांत तारेवर तार पडून प्रवाह एकाएकीं कितीतरी पटींनीं वाढतो आणि गांवचें रोहित्र जळतें. मग केळीच्या बागेला आठआठ दिवस पाणी नाहीं, हें दुःख जळगांव जिल्ह्यांत कोणाला सांगावयास नको. विजेच्या वाटेंत वरील प्रकारच्या फितींचें साधन बसविलें, तर नेहमींचा प्रवाह विनारोध जातो. प्रवाह मर्यादेबाहेर जातांच कांहीं सहस्रांश सेकंदांत फीत आपण होऊन रोध उत्पन्न करते व तडाखा अडविते. तिला कोणी हुकूम द्यावा लागत नाहीं. मॉस्को येथें २०१९ सालीं २२० किलोव्होल्टच्या वाहिनीवर असें साधन बसविण्यांत आलें. त्याचा खर्च व थंडावा राखण्याची दगदग पाहतां तें आपल्या गांवच्या रोहित्रापर्यंत लवकर येईल, अशी आशा मात्र धरूं नये.

दुसरा उपयोग प्रकाशाचा आहे. नायोबियम व नत्र यांच्या संयोगाचा अतिशय पातळ पापुद्रा घेऊन त्याची केसाच्या शेंकडों पटींनीं बारीक अशी नागमोडी वाट कोरतात व तींतून मर्यादेच्या अगदीं जवळचा प्रवाह सोडून ठेवतात. तीवर प्रकाशाचा एक कण पडला, तरी तेवढ्या उष्णतेनें तेथें तप्त बिंदु होतो आणि दाबाचा ठोका उमटतो. प्रकाशाचे कण एक एक करून मोजण्याची ही युक्ति २००१ सालीं प्रसिद्ध झाली. २०१३ सालीं चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानानें लेसर किरणांनीं धाडलेले संदेश पृथ्वीवर अशाच पापुद्र्यांनीं टिपले.

शेवटीं, वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. जुलै २०२३ मध्यें दक्षिण कोरियांतून बातमी आली कीं, साध्या हवेंत, साध्या तापमानास अतिसंवाहक राहणारा पदार्थ सांपडला. जगभर गाजावाजा झाला. थोड्याच आठवड्यांत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनीं, व त्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती, तो पदार्थ बनवून पाहिला. अतिसंवाहकता कांहीं दिसली नाहीं. अशा बातम्या पुढेंही येतील, आणि त्यांतील एखादी खरीही निघेल. ती वाचतांना तीन प्रश्न विचारावे: किती तापमानास? किती चुंबकक्षेत्रांत? आणि किती प्रवाहापर्यंत? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मथळ्यांत असतें. तिसऱ्याचें बहुधा कोठेंच नसतें. परंतु पदार्थ प्रत्यक्ष उपयोगाचा आहे कीं नाहीं, हें ठरतें तें तिसऱ्यावरच. कारण तार ही भार वाहण्यासाठीं असते, आणि तिची किंमत ती किती भार सोसते व तो असह्य झाल्यावर कशी वागते, यावरूनच करावयाची असते.